स्वयंवाढप : भारतीय बुफे भोजनगृह आणि पंक्तिव्यवहार

'बुफे' हा मूळ फ्रेंच शब्द भोजनपात्रे मांडून ठेवावयाच्या मेजाचा वाचक होय. पुढे तो त्या मेजावरून आपले आपण वाढून घेण्याच्या पद्धतीस लागला. मराठी लग्नपत्रिकांतून या पद्धतीस 'स्वरुचिभोजन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य रुचीच्या स्वातंत्र्यात नसून वाढप्याच्या अभावात आहे. प्रस्तुत विवेचन या पद्धतीच्या एका विशिष्ट रूपापुरते, म्हणजे अमेरिकेतील शहरांत आढळणाऱ्या भारतीय भोजनगृहांतील दुपारच्या बुफेपुरते, मर्यादित आहे. तेथील १९६५ च्या आगमनविषयक कायद्यानंतर भारतीयांची वस्ती वाढली आणि विद्यापीठांच्या व कचेऱ्यांच्या परिसरात ही भोजनगृहे रुजली.

वाढप्याला इतके महत्त्व का द्यावे, हे कळण्यासाठी पंगतीकडे वळले पाहिजे. डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात जातिसंस्थेची जी सहा लक्षणे दिली, त्यांत अन्नव्यवहारावरील निर्बंध हे एक आहे. मेयर यांनी माळव्यातील एका खेड्याच्या अभ्यासात (१९६०) व मॅरियट यांनी उत्तर प्रदेशातील एका खेड्याविषयीच्या निबंधात (१९६८) हेच सूत्र तपशिलाने तपासले. मॅरियट यांनी तर कोणती जात कोणाकडून कोणते अन्न घेते याचे कोष्टकच मांडून त्यावरून जातींची उतरंड काढून दाखविली. कोणी काय खाल्ले यापेक्षा कोणाच्या हातचे खाल्ले, हा प्रश्न निर्णायक होता. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून टिळक व रानडे यांसारख्या पुरुषांवर ग्रामण्याचा प्रसंग यावा, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे पंगतही नव्हती. होता तो केवळ पेला आणि तो देणारा हात.

बुफेमध्ये हा हातच दृष्टीआड होतो. पळी ज्याची त्याने धरावयाची असते, आणि तीच पळी क्षणापूर्वी कोणी धरली होती याची चौकशी कोणी करीत नाही. मात्र उष्ट्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने परत येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श नियमावलीनुसार दुसऱ्यांदा पदार्थ घ्यावयास जाताना वापरलेले ताट नेता येत नाही. स्वच्छ ताट घ्यावे लागते. कारण रोगजंतूंचे असले तरी आचार मराठी आजीला सहज पटेल असा आहे. तथापि या साम्याने फसू नये. उष्टेपणाची कल्पना खाणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे बदलते. पतीचे, गुरूचे वा देवाचे उच्छिष्ट ग्राह्य ठरते. जंतू असा भेद जाणत नाहीत. हाताने जेवणारा भारतीय ग्राहक मेजावरच पुन्हा थोडे वाढून घेताना उजवा हात उष्टा म्हणून डाव्या हाताने पळी धरतो. एरवी देण्याघेण्यास निषिद्ध मानलेला डावा हात तेथे शुद्ध ठरतो, ही मौज घरातल्या ताटावरही पाहावयास मिळते.

आता पदार्थांविषयी. बुफेवर जे 'भारतीय अन्न' दिसते त्याची निवड बऱ्याच अंशी भांड्याने केलेली असते. वाफेच्या पाण्यावर ठेवलेल्या उथळ पात्रांत पदार्थ निदान ५७ अंश सेल्सिअसवर राखावा लागतो; त्याखाली जंतूंची वाढ होऊ लागते. शिजवून कोमट ठेवलेल्या भातात 'बॅसिलस सीरियस' या जंतूची भीती विशेष, कारण त्याची बीजुके शिजविण्याच्या उष्णतेतूनही वाचतात. दोन-तीन तास अशा उष्णतेत राहूनही जे बिघडत नाही तेच येथे टिकते : छोले, राजमा, उडदाची दाट डाळ, पालक-पनीर, टोमॅटो व साय घातलेला कोंबडीचा रस्सा. उत्तर भारतीय, विशेषतः पंजाबी, पाककृतींचे येथील प्राबल्य केवळ मालकांच्या प्रांतावरून उलगडत नाही. त्या पाककृती वाट पाहू शकतात, हेही एक कारण आहे. पिठले वाट पाहत नाही. ते आळते व त्यावर साय धरते. भाकरी तव्यावरून उतरल्यावर काही मिनिटांतच ताठ होऊ लागते. तिच्यासाठी चुलीपाशी बसलेली व गरम भाकरी ताटात टाकणारी व्यक्ती हवी, आणि नेमकी तीच व्यक्ती या व्यवस्थेने वगळलेली आहे. नानसुद्धा खरे तर टिकाऊ नव्हे. म्हणून अनेक ठिकाणी तो थोडाथोडा भाजून आणतात.

वगळण्याचे कारण उघडच आर्थिक आहे. जेथे मजुरी महाग व तांदूळ-डाळ तुलनेने स्वस्त, तेथे चार वाढपी ठेवण्यापेक्षा चार घास अधिक गेलेले परवडतात. एकदा ठरीव दाम दिल्यावर पुढील प्रत्येक घासाची किंमत ग्राहकास शून्य असते. म्हणून भात व भाजी रांगेच्या आरंभी आणि मांसाचे पदार्थ शेवटी, अशी मांडणी करण्याकडे चालकाचा कल असतो. पंगतीत भुकेला आग्रह वाढवीत असे व पंक्तीची शिस्त आवरीत असे. सर्वांचे आटोपेपर्यंत कोणी उठावयाचे नाही. येथे दोन्ही नाहीत. पानात टाकू नये हा संस्कार मग पाटी लावून सांगावा लागतो.

या व्यवस्थेने जातिभेद हटला काय? घाईने होकार देणे धोक्याचे आहे. रत्नागिरीत १९३० मध्ये सुरू झालेल्या सहभोजनांचे मर्म असे की, शेजारी कोण बसला आहे हे पूर्णपणे जाणून माणूस जेवत असे. १९५० च्या संविधानातील पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहातील प्रवेशाचा हक्क दिला, तोही भेदाचे नाव घेऊन. बुफे भेदाशी झगडत नाही. तो विचारतच नाही. न विचारण्याने रोजचा व्यवहार सुकर होतो हे खरे, पण सिअ‍ॅटल शहराच्या परिषदेस २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावास बंदी घालावी लागली, यावरून मेजाबाहेरील स्थिती समजते. मेजावरही शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची पात्रे जवळजवळ असली की काही ग्राहक पळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे निरखतात. त्यामागे कोठे धर्माचरण असते, कोठे केवळ किळस. आणि कोठे जुनी सोवळ्याची सवय नव्या शब्दांत बोलत असते. निरीक्षकाने हे तीन हेतू एकच समजू नयेत.

२०२० च्या साथीत स्वयंवाढपाची मेजे बंद झाली. पुढे ती उघडली तेव्हा काही ठिकाणी पात्रांमागे हातमोजे घातलेला नोकर पळी घेऊन उभा राहिला. वाढपी परतला. ग्राहकांची नजर त्याच्या हाताकडेच जात होती, परंतु ती मोजे आहेत की नाहीत एवढेच पाहण्यासाठी.