भिंतीतल्या केबलचं दुसरं काम

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आमच्याकडे आली. रोज सकाळी आठ वाजता, म्हणजे साताऱ्यात संध्याकाळी साडेपाचला, ती मामाशी व्हिडिओवर बोलायची. मामा अंथरुणाला खिळलेला. आईची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि राउटर तळघरात, कारण केबल तिथूनच घरात शिरते. वायफाय वर पोचेपर्यंत अर्धमेलं होई. मामाचा चेहरा गोठायचा आणि आईचा जीव वर-खाली व्हायचा. घर भाड्याचं, भिंतींना भोकं पाडून नवी वायर ओढायला मालकाची परवानगी नव्हती.

पण अमेरिकेतल्या बहुतेक घरांप्रमाणे इथेही खोल्याखोल्यांत केबल टीव्हीचं गोल, आटे असलेलं टोक भिंतीतून डोकावत होतं. टीव्ही कधीच इंटरनेटवर गेला, ही टोकं तशीच राहिली. त्यांचं काय करता येईल, हे शोधता शोधता मी ‘मोका’पाशी पोचलो. (आपल्या ‘मोक्का’ कायद्याशी याचा संबंध नाही.) ‘मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स’ या २००४ साली स्थापन झालेल्या उद्योगसंघाचं हे लघुरूप.

कोॲक्सियल केबल कापून पाहिली तर मधोमध तांब्याची तार, भोवती प्लास्टिकचा फेस, त्यावर धातूचा पत्रा व जाळी, आणि वर काळं आवरण. तार आणि जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून ‘को-अॅक्सियल’. लहरी या दोघांच्या मधल्या पोकळीतून धावतात. बाहेर फारशा सांडत नाहीत, बाहेरच्या आत येत नाहीत. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली इंग्लंडमध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं. बेल कंपनीच्या एस्पेनशीड आणि अॅफेल यांनी तिचा एकाच वेळी अनेक संदेश नेण्यासाठी विचार केला. त्यांचं पेटंट १९३१चं.

ही अनेक संदेशांची सोयच मोकाच्या कामी येते. केबल टीव्ही आणि केबलवरचं इंटरनेट साधारण ५ ते १००० मेगाहर्ट्झमध्ये चालतं. मोका त्याच्या वर, ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये बसतो. खालच्या मजल्यावर बिऱ्हाड आहे, वरचा रिकामा होता, तो यांनी घेतला. २०१६च्या आवृत्तीत २.५ गिगाबिटपर्यंत वेग मिळतो, अर्थात सगळ्या उपकरणांत वाटून.

खरी अडचण स्प्लिटरची. तळघरातली ही डबी एका केबलच्या दोन-तीन-चार शाखा करते. दोन शाखा केल्या की प्रत्येकीत निम्म्याहून कमी शक्ती उरते, साडेतीन डेसिबलची घट. शिवाय एका खोलीतल्या टीव्हीचा त्रास दुसऱ्या खोलीला होऊ नये म्हणून शाखा-शाखांमध्ये मुद्दाम अडसर ठेवलेला असतो. मोकाला नेमकं तिथूनच जायचं असतं! म्हणून तो पट्ट्याचे शेकडो बारीक भाग करतो, प्रत्येक भाग मोजून पाहतो, आणि जिथे जेवढं झेपेल तेवढंच ओझं टाकतो. बोलण्याच्या पाळ्याही ठरलेल्या असतात. एक उपकरण मुकादम होऊन इतरांना वेळ वाटून देतं. वायफायसारखी ‘कोणी बोलत नाही ना’ अशी चाहूल घेत बसावं लागत नाही.

दोन अॅडॅप्टर आणले. एक राउटरपाशी, एक आईच्या खोलीत. अर्ध्या तासात मामा हलू लागला. मी खूश होऊन यादी उघडली, तर त्यात तीन उपकरणं!

तिसरं आमचं नव्हतं. आमची घरं एकमेकांना चिकटलेली, आणि बाहेरच्या सामाईक केबलवरून माझा संदेश शेजाऱ्याच्या भिंतीत शिरला होता, त्याचा माझ्याकडे. अॅडॅप्टरवर पासवर्ड घालायचा मी आळस केला होता. आईचं मामाशी चाललेलं बोलणं ज्या जाळ्यातून जात होतं, त्यात एक परकं उपकरण बसलं होतं. यावर उपाय बोटाच्या पेराएवढा: केबल घरात शिरते तिथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी बसवायचा फिल्टर. तो टीव्ही-इंटरनेट आत येऊ देतो, मोकाला बाहेर जाऊ देत नाही. वर अडवलेला संदेश परतवून घरातल्याच शाखांत ढकलतो, त्यामुळे जोरही वाढतो. फिल्टर लावला, पासवर्ड घातला. यादीत दोनच नावं उरली.

साताऱ्याच्या घरीही हे करावं असं आईच्या मनात आलं. पण तिथे छतावरच्या डिशमधून एकच केबल थेट टीव्हीला जाते, आणि डिशचा संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो. म्हणजे वरचा मजलाही भरलेला. धाकटा भाऊ सध्या तिथे माडी चढवतो आहे. त्याला फोन करून सांगितलं, गिलावा करण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत एकेक रिकामा पाइप टाकून ठेव.