बजावणीवाचून अडलेला न्याय

न्यायालयीन दिरंगाईची चर्चा निघाली की बोट दाखविले जाते ते न्यायाधीशांच्या रिकाम्या जागांकडे किंवा वकीलवर्गाच्या तारखा मागण्याच्या सवयीकडे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. तथापि कितीतरी दिवाणी दावे उभय पक्षांचे वकील समोरासमोर येण्यापूर्वीच एका साध्या कागदाशी अडून राहतात, इकडे सहसा लक्ष जात नाही. तो कागद म्हणजे प्रतिवादीच्या हाती पडावयाचे समन्स. रोजनाम्यात 'समन्स बिनबजावणी परत' अशी एक ओळ पडते, वादी पुन्हा भत्ता भरतो आणि दावा होता तेथेच राहतो.

कायद्याला याची जाणीव नाही असे कोणी म्हणू नये. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 साली ज्या सुधारणा अमलात आल्या, त्यांनुसार दावा दाखल झाल्यापासून तीस दिवसांच्या आतील तारखेला समन्स बजावले जावे, अशी अपेक्षा आहे. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढविल्यास फार तर नव्वद दिवसांत, आपली कैफियत द्यावयाची आहे. गोम आहे ती येथेच. मुदत मोजावयाची ती समन्स बजावल्यापासून. तेव्हा समन्स जितके दिवस चुकविता येईल तितके दिवस प्रतिवादीला फुकट मिळतात. मग 'साहेब गावाला गेले आहेत' हे उत्तर घरातील मुलांनाही पाठ होते.

या साऱ्याचा भार ज्याच्यावर पडतो तो बेलिफ हा न्यायालयाचा सर्वांत दुर्लक्षित सेवक होय. नियमाप्रमाणे त्याने प्रतिवादीचा रास्त शोध घ्यावयाचा. तो सापडत नसेल व लवकर सापडण्याचा संभवही नसेल, किंवा त्याने कागद घेण्यास नकार दिला, तर समन्सची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवावयाची आणि घर कोणी दाखविले, प्रत कोणासमक्ष चिकटविली, हे नावपत्त्यासह अहवालात लिहावयाचे. खेड्यात घर दाखविणारा मिळतो, पण भाऊबंदकीच्या भांडणात साक्षीला नाव द्यावयास तो तयार होत नाही. शहरात बेलिफ फाटकावरील पहारेकऱ्यापलीकडे पोचतच नाही. अशा स्थितीत जो अहवाल तयार होतो, तो पुष्कळदा नियमाची शब्दरचना पाहून लिहिलेला असतो, असे खेदाने म्हणावे लागते.

आणि येथून दुसरा, अधिक गंभीर प्रश्न सुरू होतो. समन्स चुकविणारा प्रतिवादी जसा आहे, तसा समन्स पोचू नये अशी तजवीज करणारा वादीही आहे. नोकरीनिमित्त परगावी राहणाऱ्या भावाचा पत्ता दाव्यात वडिलोपार्जित घराचाच द्यावयाचा. पाकीट 'घेण्यास नकार' अशा शेऱ्यानिशी परत यावयाचे. मग पर्यायी बजावणीचा अर्ज करून प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात वास्तव्याच्या भागात खपणाऱ्या दैनिकात नोटीस छापावयाची. कायद्याच्या दृष्टीने ही बजावणी प्रत्यक्ष हातात कागद दिल्याइतकीच पक्की असते. ती नोटीस ज्या पानावर बारीक टाइपात छापली जाते, ते पान या मजकुराच्या किती वाचकांनी आज उघडले, हे त्यांनीच सांगावे! एकतर्फी हुकूमनामा होतो आणि भावाला त्याचा पत्ता लागतो तो दरखास्तीत ताबा घेण्यास माणसे आली म्हणजे.

अशा प्रतिवादीला वाट अगदीच बंद नाही. समन्स योग्य रीतीने बजावले गेले नव्हते असे दाखविल्यास हुकूमनामा रद्द होऊ शकतो. त्यासाठी हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावयाचा असतो. उलट, ज्याला सुनावणीची तारीख ठाऊक होती व हजर राहण्यास पुरेसा वेळ होता, त्याला केवळ बजावणीतील तांत्रिक दोषाचा आधार घेता येत नाही. 1976 च्या दुरुस्तीने घातलेला हा बांध योग्यच आहे. पण ज्याचे घर हातचे गेले, त्याने पुन्हा वकील करून, भाडे खर्चून गावच्या न्यायालयात खेटे घालावयाचे, ही किंमत लहान नव्हे.

बजावणीच्या नियमांत समाजाचे चित्रही उमटते. प्रतिवादी घरी नसल्यास समन्स कुटुंबातील 'प्रौढ पुरुषा'कडे द्यावे, असे मूळ संहितेत होते. घरात शिकलेली पत्नी वा मिळवती मुलगी असली तरी तिच्या हाती दिलेला कागद कायद्याच्या लेखी पोचलेलाच नसे. 1976 च्या दुरुस्तीने दिवाणी बाजूस ही चूक सुधारली. परंतु 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पुरुष' हा शब्द तसाच राहिला, आणि तो गेला 1 जुलै 2024 रोजी नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली तेव्हा! एकाच उंबरठ्यावर उभी असलेली स्त्री दिवाणी समन्स घेण्यास पात्र आणि फौजदारी समन्स घेण्यास अपात्र, ही विसंगती जवळजवळ अर्धशतक कोणाला खटकली नाही.

आता मोबाईलवरून बजावणीचे दिवस आहेत. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस उघडून वाचल्याची खूण दिसते म्हणून बजावणी मान्य केली. साथीच्या काळात, 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशा माध्यमांना वाट मोकळी केली. त्याच न्यायालयाने 2025 मध्ये मात्र, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही, असे बजावले; कारण तेथे न पाळल्याचा परिणाम अटकेत होऊ शकतो. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे. त्यात बनावट समन्स धाडून 'डिजिटल अटके'च्या धाकाने लोकांना लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. शहाणा माणूस अनोळखी क्रमांकावरून आलेला असा कागद उघडतही नाही, आणि त्याने उघडू नये असाच सल्ला त्याला सर्वत्र दिला जातो. खरे समन्स त्याने ओळखावे कसे?

म्हणून मोबाईलवरील संदेश ही बेलिफाच्या फेरीची जोड असावी, तिची जागा त्याने घेऊ नये. बेलिफाने कागद कोठे व केव्हा दिला याची मोबाईलवर स्थळवेळेसह नोंद करणारी 'एनस्टेप' ही व्यवस्था उपलब्ध आहे; दारावर चिकटविलेल्या प्रत्येक समन्साचे छायाचित्र त्या नोंदीसह प्रकरणात लावणे सक्तीचे करता येईल. वर्तमानपत्री नोटिशीचा अर्ज आला की वादीने प्रतिवादीचा चालू पत्ता व मोबाईल क्रमांक शोधण्यासाठी काय केले, हे शपथपत्रावर घ्यावे, आणि ते खोटे ठरल्यास हुकूमनामा रद्द करताना प्रतिवादीचा सारा खर्च वादीवर बसवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. खर्च बसविण्याचा अधिकार न्यायालयांना आजही आहे.