शेकोटी आमची, रान कुणाचे?

सोलापूर म्हटले की लोकांना ऊन आठवते. पण मार्गशीर्ष-पौषात इथल्या उघड्या काळ्या रानावर वारा सुटला की म्हाताऱ्या माणसांचे हाल कुत्रा खात नाही. काही वर्षी रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. ही थंडी आणि पहाटेचे दव मिळाले तरच शाळूच्या कणसात दाणा भरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या हवेचाही वाटा आहे. म्हणजे थंडी ही रानमालकाची कमाई. रानात राबणाऱ्याच्या वाट्याला काय येते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

डिसेंबर सरता सरता आगट्या पेटतात. गवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसे भाजायची, हातावर चोळायची आणि गरम हुरडा शेंगाच्या चटणीबरोबर खायचा. शहरातून गाड्या भरून पाहुणे येतात. अक्कलकोटच्या बाजूला वेळा अमावास्येला गावच्या गाव रानात जेवायला जाते. भज्जी, आंबील, उंडे यांची रेलचेल असते. मग 'गावाचा एकोपा' या विषयावर रसाळ लेख छापून येतात. हुरडा गोड असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्याचे रान त्याचा मान, आणि ज्याला रान नाही त्याने बोलावण्याची वाट पाहायची. या एकोप्याला सातबारा लागतो, हे मात्र कुणी लिहीत नाही.

आमच्या आज्या-पणज्यांचा हिवाळा कसा होता? येसकराची पाळी असेल त्याने कडाक्याच्या थंडीत गावाची राखण करायची. सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री पुढच्या गावी पळायचे. मयताचा सांगावा पोचवायचा. चावडीसमोरच्या शेकोटीसाठी लाकडे फोडायची आणि स्वतः लांब अंग चोरून बसायचे. खळ्यावर रास झाली की बलुत्यासाठी पदर पसरायचा. याच गुलामगिरीवर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. आज आमची शेकोटी आमच्या दारात पेटते. ती कुणी दान दिलेली नाही!

तुराट्या आणि पाचट टाकून पेटवलेल्या या शेकोटीभोवती वस्तीचा हिवाळा सुरू होतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांच्या भाकरी बांधल्या जातात. पंचवीस डिसेंबरला महाडच्या मनुस्मृती दहनाची आठवण निघते. एक जानेवारीला भीमा कोरेगाव, तीन जानेवारीला सावित्रीमाई, चौदा जानेवारीला नामविस्तार दिन. गाव संक्रांतीचा तिळगूळ वाटते, तेव्हा आमची पोरे नामांतरातल्या शहिदांची नावे पाठ म्हणतात. विहारात वंदना होते, वर्गणी जमते आणि कुणाच्या घरी दुखणे असेल तर तिथे चार माणसे जातात. एकोपा म्हणतात तो हा.

पण शेकोटी विझते आणि पहाट होते. आमच्या आया-बहिणी डोक्याला फडके बांधून मजुरीला निघतात. पुढे शाळू काढणीला आला की दव पडलेल्या रानात ताटे उपटून आणि कणसे खुडून हाताला भेगा पडतात. तीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात बीड-धाराशिवकडचे कोयते येतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको अंधारातच फडात उतरतात, आणि कोपीत पोर कुडकुडत असते. त्या पोराची शाळा गावी राहिलेली असते. ज्या सोलापूरची चादर देशभर पांघरली जाते, त्याच सोलापूरच्या फडात माणूस उघड्यावर झोपतो. अशा वेळी पुढारी चार घोंगड्या वाटून फोटो काढतात. आम्हाला घोंगडी नको असे नाही. पण घोंगडी एक हिवाळा टिकते, जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. ऐन थंडीत लाखो माणसे तुरुंगात गेली, बायका तान्ही लेकरे घेऊन गेल्या. त्यांनी कांबळी मागितली नव्हती, पडीक जमीन मागितली होती. आज आमच्या सभांतून घोषणा मोठ्या होतात, पण जमिनीचा विषय निघत नाही. वतनाच्या जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या, त्यांचे पुढे काय झाले? किती राहिल्या, किती कुणाच्या ताब्यात गेल्या?

म्हणून या हिवाळ्यात प्रत्येक वस्तीने एक काम करावे. शेकोटीभोवती शिकलेल्या पोरांना बसवावे, म्हाताऱ्यांना गट नंबर आणि बांध विचारावेत. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढावेत. ऊसतोडीला गेलेल्या घरातले पोर वस्तीतच राहून शाळेत जाईल, याची जबाबदारी विहाराने घ्यावी. थंडी दरवर्षी येणारच. तिला तोंड देताना आपण दुसऱ्याच्या बांधावर उभे असू की आपल्या, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.