उवा, फणी आणि थोडे गणित

मी सहावीत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या. तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवले गेले. पुढच्या आठवड्यात ती आली ती मुंडण करून, डोक्याला रुमाल बांधून. उवा गेल्या, पण ती मुलगी वर्षभर कोणाशी फारशी बोलली नाही. आज मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि वाटते, त्या वेळी कोणी एक फणी घेऊन थोडा हिशेब केला असता तर तिचे केस वाचले असते. कसे, ते पाहू या.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. ऊ हा सहा पायांचा, पंख नसलेला कीटक. पूर्ण वाढलेली ऊ २ ते ३ मि.मी. लांब, म्हणजे तिळाएवढी असते. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. डोक्याला डोके लागले की ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. ती रक्तावर जगते, मळावर नव्हे. म्हणून स्वच्छ धुतलेल्या केसांतही ती सुखाने राहते. नुसत्या पाण्याने ती मरत नाही, कारण ती आपली श्वासरंध्रे मिटून कित्येक तास तग धरते. तेव्हा उवा होणे म्हणजे अस्वच्छ असणे, हा समज चुकीचा आहे.

घरोघरी यावर उपाय चालतात. कोणी डोक्याला रॉकेल चोळतात. जवळ चूल किंवा दिवा असेल तर त्याची वाफ पेट घेते. कोणी सीताफळाच्या बियांची पूड लावतात. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. पिकांवरची किंवा ढेकणांची औषधे तर विषच. ती डोक्याला कधीही लावू नयेत. डॉक्टरांनी दिलेले औषध चालते, पण काही औषधांना उवा आता दाद देत नाहीत, आणि पुष्कळ औषधांनी लिखा मरत नाहीत.

मग उरते ती आपली जुनी फणी. फणी म्हणजे एक चाळणीच. केसाची जाडी साधारण ०.१ मि.मी. किंवा त्याहून कमी, लिखेची रुंदी सुमारे ०.३ मि.मी. आणि ऊ त्याहून बरीच रुंद. दातांमधली फट ०.२ ते ०.३ मि.मी. असेल तर केस निसटतो, ऊ अडकते. ही युक्ती फार जुनी आहे. इस्राएलमधील लाखीश येथे सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर कोरलेली अक्षरे २०२२ साली वाचली गेली, तेव्हा कळले की केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने नाहीशा व्हाव्यात, अशी ती इच्छा आहे!

केस ओले करून तेल लावावे. घर्षण कमी होऊन फणी मुळापासून टोकापर्यंत सरकते आणि उवांची धावपळही मंदावते. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसून पाहावी.

आता हिशेब. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात. त्यातून निघालेले पिल्लू अंडी घालण्याइतके मोठे व्हायला आणखी किमान ९ दिवस. आज सुटलेली शेवटची लीख दहाव्या दिवशी फुटली, तरी पुढच्या नऊ दिवसांत ते पिल्लू फणीत यायला हवे. दहा आणि नऊ, एकोणीस. म्हणून दर तिसऱ्या दिवशी फणी, असे तीन आठवडे. एका फेरीत सुटलेले पिल्लू पुढच्या फेरीत थोडे मोठे होऊन सापडते. एकदाच विंचरून थांबले की उवा 'परत येतात', त्याचे एक कारण हेच.

मोजपट्टीचाही उपयोग आहे. ऊ बहुधा केसाच्या मुळाशी अंडे चिकटवते आणि केस महिन्याला सुमारे १ सें.मी. वाढतो. मग मुळापासून २ सें.मी. अंतरावरची लीख किती जुनी? सुमारे दोन महिने, म्हणजे बहुधा रिकामे टरफल. उष्ण हवेत उवा थोड्या दूरही अंडी घालतात, म्हणून हे माप अंदाजाचे समजा. खरी खूण म्हणजे फणीत आलेली जिवंत ऊ.

वर्गात कोणाच्या डोक्यात उवा दिसल्या तर त्याला वेगळे बसवू नका. घरी जाऊन आपापले डोके तपासा, घरातल्या सर्वांचेही तपासा. शिक्षकांनी वर्गासमोर नाव न घेता पालकांना हा एकोणीस दिवसांचा हिशेब सांगावा. त्यासाठी कोणाचे केस कापावे लागत नाहीत.