उतारावरील नव्या घराची बाग
नवें घर उतारावर बांधून झालें, कीं हातीं पैसा थोडा उरतो. बागेची हौस मात्र मोठी असते. आम्हीं प्रथम सिमेंटाची भिंत घातली, पण तींत पाणी निघावयास भोकें ठेविलीं नाहींत. पहिल्याच आषाढांत मागील माती भिजून जड झाली आणि भिंत मोगऱ्यासकट खालीं आली!

मग पायाच्या खोदाईंत निघालेल्या जांभ्याच्या धोंड्यांचा, कोंकणांत घालतात तसा, कोरडा गडगा उतारास आडवा रचिला. मोठे धोंडे तळाशीं घातले व कल चढाकडे ठेविला. फटींतून पाणी झिरपतें, माती मागें राहते. माथ्यावर वाळ्याचे ठोंब लाविले. त्याचीं मुळें २ ते ३ मीटर खोल सरळ उतरतात. पातळी पाहण्यास पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. गुलाब एक पावसाळा कुंडींतच राहूं द्यावेत.