बाबांचं घोरणं नीट ऐकलंय कधी?

प्रत्येक घरात एक तरी घोरणारा असतोच. बाबा, काका, मामा, नाहीतर होस्टेलवरचा रूममेट. रात्री गुपचूप त्याचा व्हिडिओ काढायचा, सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकायचा, की खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. ‘इंजिन सुरू झालं’, ‘काय गाढ झोपलेत बघा!’ तुम्हीही केलं असेल हे.

आता एक करा. तोच व्हिडिओ परत लावा. पण या वेळी घोरण्याकडे लक्ष देऊ नका, मधली शांतता ऐका.

आवाज चढत जातो, चढत जातो आणि एकदम बंद. छाती-पोट हलतंय, पण आवाज नाही. पाच सेकंद. दहा सेकंद. पंधरा. मग अचानक गुदमरल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा घरघर सुरू. ग्रुपवर सगळ्यात जास्त हसू याच तुकड्याला येतं. खरंतर काळजी करायची ती इथंच. कारण तेवढा वेळ त्या माणसाचा श्वास थांबलेला असतो.

याला म्हणतात स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, ते आपल्या सगळ्यांचेच. काहींच्या घशात मात्र त्यामुळे हवेची वाटच बंद होते. छाती जोर लावत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, मग मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, श्वास येतो आणि परत झोप. हे जागं होणं इतकं निसटतं असतं की सकाळी काही आठवतच नाही.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला किंवा फार उथळ झाला, तर डॉक्टर तो मोजतात. असं तासाला पाचपेक्षा कमी वेळा होत असेल तर ठीक. तीस किंवा त्याहून जास्त वेळा झालं तर आजार तीव्र समजतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, तेही रात्रभर!

कोणी तुम्हाला रात्रभर दर दोन मिनिटांनी हलवून उठवलं, तर दुसऱ्या दिवशी तुमचं काय होईल? तेच बाबांचं होतं. आठ तास झोपूनही डोकं जड. बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. टीव्हीसमोर बसल्याबसल्या डुलकी. त्यांचं बीपी वाढलेलं असतं, त्यामागेही हे असू शकतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी चालवताना डोळा लागणं. आपण मात्र म्हणतो, ‘वय झालं आता त्यांचं.’

मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या हेल्थ चेकअपला आलेले ३५ ते ६५ वयाचे पुरुष त्यांनी निवडले, त्यातल्या २५० जणांची झोप तपासली. झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण निघालं १९.५ टक्के. म्हणजे जवळपास पाचातला एक! आणि ही सगळी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणारी माणसं होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी कारण सांगितलं ते याच आजाराचं.

यावर इलाज आहे, आणि तो सापडला त्याची गोष्टही भारी आहे. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच, गळ्याला भोक पाडून श्वासनलिका उघडायची. ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर घेतली, ती हवा ओढते त्याऐवजी फेकेल अशी फिरवली आणि नाकावर मास्क लावून ती हवा घशात सोडली. हवेच्या दाबानं घसा उघडा राहिला, पेशंट शांत झोपला. १९८१ मध्ये पाच पेशंटचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आजचं सीपॅप मशीन ते हेच.

मशीन आणलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. २०१६ मध्ये हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २७०० हून जास्त लोकांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात मशीनमुळे दिवसाची झोप कमी झाली, मूड सुधारला, पण पुढचे हार्ट अ‍ॅटॅक काही कमी झाले नाहीत. लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं. त्यामुळे वजन, रात्रीची दारू, उताणं झोपण्याची सवय यांकडेही बघावंच लागतं.

आणि हा फक्त जाड्या माणसांचा आजार नाही हं. जबडा लहान असेल, टॉन्सिल्स मोठे असतील तर विशीतल्या सडपातळ मुलालाही होतो. बायकांनाही होतो, पाळी गेल्यावर जास्तच. पण ‘आई घोरते’ हे घरात कोणी बोलतच नाही.

या आजाराची गंमत म्हणा की दुर्दैव, ज्याला तो असतो त्याला पत्ताच नसतो. तो झोपलेला असतो. जागं कोण असतं? रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणारे तुम्ही! म्हणजे पहिली तपासणी तुमच्याच कानांची.

आज रात्री पाच-दहा मिनिटं रेकॉर्डिंग करा. शांतता किती सेकंदांची, किती वेळा, ते मोजा. पण ग्रुपवर टाकू नका. सकाळी चहा घेताना बाबांच्या शेजारी बसा, त्यांनाच ऐकवा. ‘तुम्ही आजारी आहात’ असं म्हणू नका, ते लगेच उठून जातील. ‘बाबा, इथं तुमचा श्वास थांबलाय, मला भीती वाटली,’ एवढंच म्हणा. मग छातीविकार तज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे तो फोन घेऊन तुम्हीच सोबत जा. एका रात्रीच्या स्लीप स्टडीत पुढचं कळतं.