कानाच्या मशीनवाल्याची परीक्षा

कानाचं मशीन घ्यायला गेलेला माणूस किंमत विचारतो, बॅटरी किती दिवस चालते ते विचारतो आणि ‘बाहेरून दिसणार तर नाही ना?’ हे हमखास विचारतो. समोर बसून कानात डोकावणाऱ्यानं कोणती परीक्षा दिली आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. भिंतीवर दोन-चार फ्रेम दिसल्या की आपलं समाधान होतं. आणि या फ्रेमांबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

‘मशीन विकायला कसली आलीय परीक्षा?’

नुसतं विकणं वेगळं आणि कान तपासून मशीन बसवणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी आपल्याकडे १९९२ चा भारतीय पुनर्वसन परिषद कायदा आहे. त्यातल्या पुनर्वसन व्यावसायिकांच्या यादीत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहेत, शिवाय श्रवणयंत्र व इअर मोल्ड तंत्रज्ञांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हजार रुपये! दोन्ही कानांच्या डिजिटल मशीनचं बिल ज्यांनी भरलंय, त्यांना या आकड्याचा धाक किती हे सांगायला नको.

या नोंदवहीत नाव येतं ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केल्यावर. ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी इंटर्नशिपसकट चार वर्षांची असते. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण मिळतं, पुण्यात भारती विद्यापीठात मिळतं. तंत्रज्ञाचा डिप्लोमा बारावीनंतर वर्षभराचा. म्हणजे आपल्याकडे ‘मशीन बसवणाऱ्यांची’ अशी एकच वेगळी राष्ट्रीय परीक्षा नाही. अभ्यासक्रमाची परीक्षा आणि मग नोंदणी, असा रस्ता आहे. नोंदणीही कायमची नसते. तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मधल्या काळात शिक्षण चालू ठेवल्याचे गुण दाखवावे लागतात.

‘अमेरिकेचं सर्टिफिकेट आहे, मग प्रश्नच मिटला’

अमेरिकेत ‘हिअरिंग इन्स्ट्रुमेंट स्पेशालिस्ट’ हा ऑडिओलॉजिस्टपेक्षा निराळा पेशा आहे. पदवीनंतर साधारण चार वर्षांची डॉक्टरेट करून ऑडिओलॉजिस्ट होता येतं. स्पेशालिस्टसाठी अनेक राज्यांत शालेय शिक्षणाची अट पुरते, पण उमेदवारी आणि परीक्षा चुकत नाही. परवाना राज्य सरकार देतं. इंटरनॅशनल हिअरिंग सोसायटीची लेखी परीक्षा बऱ्याच राज्यांत चालते. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा राज्यांत लेखी परीक्षेखेरीज प्रात्यक्षिकही असतं.

गोंधळ होतो तो यापुढे. परवाना मिळाल्यावर काही वर्षांचा अनुभव घेऊन नॅशनल बोर्ड फॉर सर्टिफिकेशन इन हिअरिंग इन्स्ट्रुमेंट सायन्सेस या मंडळाची आणखी एक परीक्षा देता येते. ती पास झाली की नावापुढे ‘बोर्ड सर्टिफाइड’ लागतं. ही परीक्षा ऐच्छिक आहे. ती दिलेला माणूस अभ्यासू असण्याची शक्यता जास्त, एवढं म्हणता येईल. पण धंदा करण्याची परवानगी तिच्यामुळे मिळत नाही, ती परवान्यानंच मिळते. आणि मुलाकडे न्यू जर्सीला गेल्यावर तिथला परवाना बघणं योग्यच असलं, तरी ठाण्यात किंवा कोल्हापुरात त्या परवान्याला कायद्यानं किंमत नाही. इथे इथलीच नोंदणी लागते.

‘बीप ऐकू आला की बटण दाबा, यात शिकायचं काय?’

हा गैरसमज मला सगळ्यात महागाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एका कानाला हेडफोन लावून आवाज दिला, तर तो त्याच कानाला ऐकू येईल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. साध्या हेडफोननं दिलेला आवाज साधारण ४० डेसिबलच्या पुढे गेला की कवटीतून पलीकडच्या कानात पोचू लागतो. कानामागच्या हाडावर कंपक ठेवला, तर दोन्ही आतले कान जवळपास एकदमच ऐकतात. समजा उजवा कान पार गेलेला आहे आणि डावा ठणठणीत. उजव्या कानाची तपासणी करताना डावा कानच ऐकतो, पेशंट प्रामाणिकपणे बटण दाबतो आणि कागदावर उजव्या कानाचा खोटाच आलेख उमटतो. हा कान थोडाफार ऐकतोय, फक्त मधल्या कानात अडथळा आहे, असं तो आलेख सांगतो. मग ज्या कानाला काडीचाही उपयोग नाही, तिथे महागडं मशीन बसतं. हे टाळायचं तर चांगल्या कानात त्याच वेळी घोंघाट सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. याला मास्किंग म्हणतात. किती घोंघाट, कधी, कुठल्या कानात, याची गणितं विद्यार्थ्यांना परीक्षेत घाम फोडतात.

दुसरं प्रात्यक्षिक कानाच्या साच्याचं. मऊ सिलिकॉन कानात भरण्याआधी कानाच्या नळीत दुसऱ्या वळणापलीकडे दोरा बांधलेला स्पंजचा बोळा बसवावा लागतो. तो नीट बसला नाही, तर सिलिकॉन पडद्यापर्यंत जाऊन तिथेच घट्ट होऊ शकतं. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर साच्याला हातच न लावता पेशंटला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचं, हे परीक्षार्थीला यावंच लागतं. ऐकू येणं अचानक कमी झालं, एकाच कानाला कमी येतंय, चक्कर येतेय, कान दुखतोय, अशा तक्रारींतही मशीनआधी डॉक्टरच. चांगली परीक्षा नेमकं हे बघते: कुठे थांबायचं ते याला कळतं का?

‘तिकडे आता दुकानातही मशीन मिळतं, परीक्षा बाद झाल्या’

ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत काही मशीन तपासणीविना थेट विकता येतात, हे खरं आहे. पण ती फक्त १८ वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणा असलेल्यांसाठी; त्यांच्या आवाजालाही कमाल मर्यादा घातली आहे. लहान मुलं आणि तीव्र बहिरेपणा या सवलतीत येत नाहीत.

‘भिंतीवर सहा फ्रेम आहेत!’

त्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या असू शकतात. अमुक मॉडेल संगणकाला कसं जोडायचं, याच्या एक-दोन दिवसांच्या शिबिरातही सुरेख छापलेली प्रशस्तिपत्रकं मिळतात. ती घेण्यात गैर काही नाही, ज्याला मशीन जोडायचं त्याला ते आलंच पाहिजे. पण ती पात्रता नव्हे. नोंदणी क्रमांक असलेला कागद कोणता, तेवढं विचारावं. परिषदेच्या संकेतस्थळावर नावाची पडताळणी करता येते.

सगळी कागदपत्रं चोख असली, तरी काम नीट होईलच असंही नाही. मशीन बसवल्यावर कानात बारीक नळीचा मायक्रोफोन सरकवून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजता येतं. अभ्यासक्रमात हे शिकवतात. प्रत्यक्षात यंत्र नाही किंवा वेळ नाही म्हणून अनेक ठिकाणी ते गाळलं जातं, आणि ‘कसं वाटतंय आजोबा, बरं येतंय ना?’ यावर काम उरकतं. आजोबा भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. तेव्हा ‘कानात मोजून बघता का?’ हे मशीन ठरवण्याआधी, ‘मोफत तपासणी’ चालू असतानाच विचारावं. आणि ऑडिओग्रामची, म्हणजे तपासणीच्या आलेखाची, प्रत मागून घ्यावी, मशीन तिथून घ्यायचं नसलं तरी.